थोरल्या नौकेची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सागाची. लांबी दोन हात, रुंदी तळहाताएवढी. एवढ्याशा तुकड्याने आपलं आयुष्य सांगत बसावं, हे तुम्हाला आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या. मी समुद्रावरच्या मोठमोठ्या शर्यती पाहिल्या आहेत. हरलेल्या माणसांची तोंडं पाहिली आहेत आणि जिंकलेल्यांचीही. जिंकलेल्यांची जास्त भीतिदायक असतात. सध्या मी एटापल्लीच्या पुढे, येरगट्टा नावाच्या गावात, झऱ्याच्या काठावर पडले आहे. माझ्या डोक्यावर अकरा साग उभे आहेत. त्यातले काही मेले आहेत, पण अजून उभेच आहेत. मेलेलं झाड उभं कसं राहतं, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

माझा जन्म याच डोंगरांतला. दीडशे पावसाळे मी झाड होते. मग इंग्रजांच्या अमदानीत एक साहेब आला. डोक्यावर टोपी, बगलेत डायरी, मागे कॅमेऱ्याची पेटी उचलणारा माणूस. त्याने माझ्या बुंध्यावर थाप मारली, बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मला बरं वाटलं. मित्रांनो, कोणी पाठ थोपटली की त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते आधी बघावं, हे मी त्या दिवशी शिकले. त्याच्या दुसऱ्या हातात तोडायच्या झाडावर खूण करायचा खडू होता.

दुसऱ्या दिवशी दोन कुऱ्हाडवाले आले. त्यांनी माझ्या कमरेभोवती वीतभर रुंदीची साल काढून टाकली. सालीखालचं पांढरं लाकूडही कापलं आणि निघून गेले. त्या खाचेला ते करदोडा म्हणत. लहान लेकराच्या कमरेला दृष्ट लागू नये म्हणून काळा धागा बांधतात ना, त्यावरून ही थट्टा. मला वाटलं, एवढंच? पण झाडाचं जेवणखाण सगळं त्या साली-लाकडातूनच वरखाली होतं. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मला नदीने न्यायचं होतं, म्हणून उभ्याउभ्या वाळवत होते. दोन वर्षं मी तशी उभी होते. शेजारच्या सागांना टोपल्याएवढी पानं यायची आणि माझ्या फांद्या उघड्या. पाखरं आधी घरटी करेनाशी झाली, मग बसेनाशी झाली. त्याच दिवसांत साहेब परत आला आणि त्याने माझा फोटो काढला. आपल्या हातचं काम बघायला माणसाला फार आवडतं.

पुढे प्राणहितेतून तराफ्याने निघाले, गोदावरीला लागले, समुद्र गाठला, जहाजात चढले. विलायतेत एका कारखान्यात मला चिरलं, तासलं, आणि एका शर्यतीच्या नौकेच्या पाठीवर बसवलं. या पाठीला डेक म्हणतात. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठोकतात आणि वरून डांबर ओततात. माझ्या शेजारच्या वातीला मी दोनदा विचारलं, तू वरोऱ्याच्या कापसाची का? ती काही बोलली नाही. गोऱ्यांच्या संगतीत राहून फुगली असावी.

आमच्या नौकेचं नाव मालकागणिक बदललं, म्हणून मी ते सांगत नाही. आम्ही फळ्या तिला थोरली म्हणायचो. डोलकाठी एवढी उंच, की तुमच्या गावच्या मोबाइलच्या टॉवरला वर बघावं लागेल. शीड एवढं मोठं, की त्याखाली अख्खं लग्न मांडव न घालता उरकेल. तीसेक खलाशी, सगळे दोर ओढून तळहात सोलवटलेले. आणि मालक एक, पांढऱ्या बुटांचा.

या शर्यतींचा इतिहास मी डेकवरच्या गप्पांतून ऐकला, शेवटचा भाग बराच नंतर. १८५१ साली अमेरिकेहून एक नौका इंग्लंडला आली. एका बेटाला वळसा घालायची शर्यत होती. तिने इंग्रजांच्या सगळ्या नौकांना मागे टाकलं आणि चांदीचा एक उंच पेला जिंकून नेला. झालं. तो पेला परत आणायला इंग्रज शंभर वर्षांवर धडपडत राहिले. एक चहाचा व्यापारी पाच वेळा पाच नौका घेऊन गेला आणि पाचही वेळा हरून आला. लोकांना तो इतका आवडू लागला, की जिंकला असता तर बहुधा कमी आवडला असता. नियमही असा, की आव्हान देणाऱ्या नौकेने आधी अख्खा महासागर स्वतः ओलांडून यायचं आणि मग पळायचं. यजमान आपल्या दारात ताजेतवाने बसलेले. एकशे बत्तीस वर्षं पेला एकाच क्लबात राहिला. शेवटी १९८३ साली ऑस्ट्रेलियावाले घेऊन गेले, तेव्हा क्लबातल्यांना म्हणे रिकाम्या काचपेटीकडे बघवेना. आणि गंमत ऐका. त्या पेल्याला बूड नाही. पाणी ओतलं तर सरळ खाली जातं.

थोरली त्या पेल्यापर्यंत कधी पोचलीच नाही. आव्हान देणाऱ्या नौकेला सराव हवा, म्हणून तिच्याशी रोज शर्यत लावायची आणि रोज हरायचं, हे तिचं काम. बाकीचा वेळ ती फ्रान्स, जर्मनी, स्पेनच्या किनाऱ्यांवर देशोदेशींच्या नौकांशी पळे. मी मोजल्या त्या अठ्ठावन्न शर्यती. एकोणीस जिंकल्या. एका शर्यतीत डोलकाठी मधोमध मोडली. आधी वर कुठेतरी करकरलं. मग क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळं एकदम खाली आलं. खाली दोन खलाशी होते, त्यातला एक उठला. मालक धावत आला आणि त्याने विचारलं, आता आपण कितवे आहोत? मी त्याच्या पांढऱ्या बुटांखालीच होते. बुटांना काही लागलेलं नव्हतं.

मग युद्ध आलं. शिशाचा तळ आणि धातूचं सगळं सामान काढून वितळवायला नेलं. तिच्यासारख्या कितीतरी नौका मोडीत गेल्या. थोरली एका खाडीच्या गाळात रुतून बसली. तिच्यात एक कुटुंब राहायला आलं. माझ्यावर कपडे वाळत पडू लागले, मांजर व्यायलं. शर्यतीतलं कौतुक एकीकडे आणि हे एकीकडे. खरं सांगू? गाळातली ती सगळी वर्षं मी कुणाच्या पराभवाची धनी नव्हते.

आताच्या शर्यतीच्या नौका लाकडाच्या नसतात. पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात आणि पाण्याला जवळजवळ न टेकता उडतात. पण श्रीमंतांना पुन्हा जुन्याचा सोस लागला. गाळातल्या थोरल्या शोधून काढायच्या, नव्याने बांधायच्या आणि त्यांच्याच आपसात शर्यती लावायच्या. आमच्या थोरलीला असाच एक मालक भेटला. त्याला डेक नवा हवा, पण लाकूड जुन्याच जंगलातलं हवं, कारण पाहुण्यांना सांगायला गोष्ट चांगली होते. सगळ्या जुन्या फळ्या उखडल्या. माझा एवढा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि नमुना म्हणून हिंदुस्थानात धाडला. नमुना म्हणजे, याच्यासारखं आणखी आण.

असा नमुना घेऊन फिरणारा माणूस म्हणजे निकेश. मूळचा चिमूरकडचा, आता नागपुरात लाकडाची दलाली करणारा. गोड बोलणारा, पायातले बूट दाराबाहेर न चुकता काढणारा. चैत्रात तो मला बगलेत मारून येरगट्ट्याला आला. त्याने झऱ्यावरचे अकरा साग आधीच बघून ठेवले होते. सरळ, उंच, बिनगाठीचे.

हा झरा म्हणजे गावाचा जीव आहे. येर म्हणजे गोंडीत पाणी, गावाचं नावच त्यावरून. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरींचा तळ दिसतो, हा आटत नाही. सागांच्या मुळ्यांनी पाणी धरून ठेवलं आहे, असं गावातले जुने लोक सांगतात. झाडं गेली तर झरा जाईल, आणि झरा गेला तर गाव उठेल, हे तिथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. हे निकेशलाही ठाऊक होतं. म्हणून त्याने झाडं मागितलीच नाहीत.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, ग्रामसभा बसली. अध्यक्ष बुधरी. चाळिशीची, सातवी शिकलेली, अध्यक्षपदाचं पहिलंच वर्ष. शेजारी जंगू, गावचा सगळ्यात म्हातारा माणूस, ज्याला दात दोन आणि शंका पन्नास. निकेशने मला मधोमध ठेवलं आणि मोबाइलवर थोरलीचे फोटो दाखवले. ही यॉट, म्हणाला.

जंगूला खाट ऐकू आलं. "एवढ्या मोठ्या खाटेवर निजते कोन?"

लोक हसले. निकेशही हसला आणि त्याने समजावलं, की बाबा, हा पाण्यावरचा पट आहे, बैलांच्या शंकरपटासारखा. जंगूला पट कळला, बैल मात्र दिसेना. हवा ओढते म्हटल्यावर त्याने विचारलं, की मग हवेला तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणी, कुठे टोचतात. निकेशने पेल्याची गोष्ट सांगितली. बुधरी पहिल्यांदा बोलली.

"बूडच नाई, मंग त्यात ठेवते का?"

"ठेवत नाई बाई. जिंकते."

"आनि जिंकून?"

निकेशने पुढचा फोटो दाखवला. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग तो मुद्द्यावर आला. तोड नाही, विक्री नाही, काही नाही. "फकत वळखीसाठी झाडाले करदोडा कराचा हाये. या जंगलातला साग असाच राह्यते, हे त्याइले दाखवाले."

मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगात होता नव्हता तेवढा तेलाचा अंश थंड पडला. मी एक फळी. मला ओरडता येत नाही.

ठराव निकेशनेच लिहिला. ‘अकरा सागवान झाडांस करदोडा करणेस ग्रामसभेची हरकत नाही.’ बुधरीने तो दोनदा वाचला. तिचं बोट ‘करणेस’ या शब्दावर थांबलेलं मी पाहिलं. धागा बांधतात, करत नाहीत. पण कचेरीच्या मराठीत सगळंच करणेस असतं. हजर करणेस, सादर करणेस, मंजूर करणेस. तिने सही केली. निकेशने पेनाचं टोपण लावलं आणि कागद घडी करून खिशात घातला. त्याचा हिशेब मी ओळखला होता. हिरव्या झाडाला परवानगी मिळत नाही. उभं वाळलेलं झाड मात्र अर्ज केला की काढून नेता येतं. तो आज झाडं मागत नव्हता, त्यांचं मरण मागत होता, आणि तेही लेकराच्या धाग्याच्या नावाने.

पुढे जे झालं ते फक्त याच गावात होऊ शकतं. करदोडाच बांधायचा तर पाहुण्याने कशाला, आपणच बांधू, असं बायकांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा दोरा वळला. जंगूने प्रत्येक झाडाला हळद लावली, लेकराला म्हणतात तसं काहीबाही पुटपुटला. अकरा झाडांना अकरा करदोडे. निकेश हात जोडून उभा होता. त्याला झाडांवर खूण करायचे कष्टही उरले नव्हते.

धागे बांधून लोक घरी गेले. दुपारी निकेशची माणसं आली. तो त्यांना झऱ्याकडे धाडून स्वतः मला घेऊन बुधरीच्या घरी बसला. खूण पक्की करायला माणसं गेलीत, म्हणाला. बुधरीने कोरा चहा दिला. तिला गुंतवून ठेवायचं म्हणून त्याने मोबाइलवर थोरलीच्या इतिहासाचा अल्बम उघडला. नव्या मालकाने जुने फोटो जमवून तो केला होता. शिडं, डोलकाठ्या, पांढरे बूट, पेला. निकेश कौतुकाने बोट फिरवत होता आणि बोलता बोलता म्हणाला, तुमच्या जंगलाचाही फोटो आहे यात, शंभर वर्षांपूर्वीचा.

तो साहेबाने काढलेला फोटो होता. त्यातलं झाड मी होते.

बुधरीने मोबाइल हातात घेतला. उघड्या फांद्यांचा एक साग. बुंध्याजवळून एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन चालली आहे. बुधरी बाईकडेच बघत राहिली. आपल्या लोकांतली बाई शंभर वर्षांनी भेटल्यावर झाडाकडे कोण बघतो?

"हिच्या टोपल्यात का हाये, भाऊ?"

"असंन काई. भाजीपाला."

"वास्ते हायेत."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. निकेशने मान डोलावली, असतील म्हणाला.

"मंग झाडाले पानं काऊन नाई?"

"उन्हाळा असंन बाई. सागाचे पानं गळतेच ना उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात वास्ते तुमच्या चिमूरले निघते का?"

निकेशने चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

वास्ते निघतात भर पावसाळ्यात. त्या दिवसांत साग एवढा दाट असतो, की त्याखाली माणूस भिजत नाही. बुधरीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बाईवरून झाडावर नेला, फांद्यांवरून खाली आणला, आणि माझ्या कमरेपाशी थांबली. तिथे वीतभर रुंदीची पांढरी खाच होती. तिने विचारलं, हाच का तुमचा करदोडा? तो म्हणाला, ठराव तुमचाच आहे, बाई. ती उत्तर ऐकायला थांबली नव्हती. माझ्यावर पाय देऊन ती दारातून धावली.

पुढचं मी तिच्याच तोंडून, ती गावाला सांगत असताना ऐकलं. झऱ्यापाशी कुऱ्हाडींचा आवाज येत होता, आणि अर्ध्या वाटेत तो थांबला तेव्हा ती जास्त घाबरली. एक झाड झालं की आवाज थांबतो, दुसरं सुरू होतं. ती पोचली तेव्हा तीन झाडांच्या कमरा पूर्ण सोललेल्या होत्या. चौथ्यावर चंदन नावाचा कुऱ्हाडवाला होता. तिची हाक ऐकून त्याने कुऱ्हाड खाली घेतली. चौथ्या झाडाच्या सालीची फक्त चार बोटं शाबूत होती. शेजारच्या फांदीवर चार काळे धागे नीट अडकवून ठेवले होते. देवाचे असतील म्हणून त्याने कुऱ्हाड लावण्याआधी प्रत्येक वेळी ते सोडून घेतले होते.

चंदन म्हणाला, की गावाची परवानगी आहे असं त्याला सांगितलं होतं.

"धाग्याची होती," बुधरी म्हणाली.

संध्याकाळी गोटुलात पुन्हा सगळे जमले. निकेशने बूट बाहेर काढले, मला बगलेत घेऊन आत आला, ठरावावरची सही दाखवली आणि शांतपणे सांगितलं, की त्याने एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. ते खरं होतं. जंगू पुढे सरकला. म्हणाला, "तुह्या मायनं तुले करदोडा बांधला होता का केला होता?" कुणी हसलं नाही. निकेश उठला. जाता जाता बुधरीला म्हणाला, "वाळलेले झाडं ठेवून का करान, बाई? पुढच्या साली तुमीच बलावान मले."

मला तो विसरून गेला, की मुद्दाम टाकून गेला, कोण जाणे.

त्याच बैठकीत बुधरीने स्वतःच्या हाताने नवा ठराव लिहिला. झाडं वाळली तरी द्यायची नाहीत, पडतील तिथे पडू द्यायची. ‘करणेस’ हा शब्द तिने कुठेही येऊ दिला नाही. पण लिहून झाल्यावर ती म्हणाली, "सही माहीच होती." आणि तिला कुणी नाही म्हटलं नाही. गावाने तिला अध्यक्षपदावर ठेवलं आहे. बायका मात्र झऱ्यावर तिच्या आधी किंवा नंतर येतात, तिच्यासोबत येत नाहीत. हे मी रोज पाहते, कारण पाय घसरू नये म्हणून झऱ्याच्या तोंडाशी तिनेच मला चिखलात बसवलं आहे.

आता ज्येष्ठ लागला आहे. सात सागांना पानं फुटली. तिघांना नाही. चौथ्याला फुटली, पण एकाच अंगाला, जिकडे चार बोटं साल उरली आहे तिकडे. दुसरं अंग उघडं. कुणी म्हणतं वाचला, कुणी म्हणतं हे शेवटचं आहे. मी दोन वर्षं असं उभं राहून पाहिलं आहे, तरी मला सांगता येत नाही.

मित्रांनो, पेल्यांच्या मागे धावणारी माणसं पुष्कळ भेटतील. त्यांच्या नौका सुंदर असतात, मी नाकारत नाही. पण त्यांनी तुमच्याकडे अगदी लहानसं काही मागितलं, तुमच्याच घरातल्या शब्दात मागितलं, तर सही करण्याआधी एवढं विचारा, की हे पुन्हा सोडता येईल का? बांधलेला धागा सोडता येतो. सोललेली साल परत बसत नाही. आणि झाड बघायला गेलात तर नुसती पानं बघून परतू नका. खाली वाका, बुंध्याभोवती फिरा.

बुधरी रोज सकाळी एकटी येते. त्या चार बोटांच्या सालीला ओल्या मातीचा लेप लावते. मग माझ्यावर उकिडवी बसते, झऱ्यात हात उभा घालते आणि पाणी किती बोटं आहे ते बघते. परवा सात होतं. काल सहा. आज तिने हात दोनदा घातला. पाच.